नोराबाईंच्या भिंतीवरचा पाऊस

आयर्लंडहून परतल्यापासून भेटीस येणारी मंडळी एकच प्रश्न विचारतात : "दीड वर्ष राहून काय काय पाहिलंत?" समुद्रकाठचे कडे, जुने किल्ले, हिरवी कुरणे यांचे वर्णन ऐकण्याच्या तयारीने ती बसलेली असतात आणि मी त्यांची निराशा करतो. खरे सांगायचे तर त्या देशात मी एक चित्र पाहिले, आणि ते पाहायला मला वर्षाहून अधिक काळ लागला. चित्रही आयर्लंडचे नव्हे. ते फ्रान्समधल्या एका शहराच्या भिजलेल्या रस्त्याचे होते, आणि ज्या घरात ते टांगलेले होते ते माझ्या लेकीच्या घराला लागून होते. जे तिकडे गेलेले नाहीत त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्यामुळे ते चित्र अखेर माझ्या दृष्टीस पडले त्यांच्या ऋणाचा उच्चार व्हावा यासाठी, हे लिहितो आहे.

ब्लँचर्डस्टाउन

२०२० च्या फेब्रुवारीअखेरीस मी आणि माझी पत्नी सुशीला डब्लिनच्या विमानतळावर उतरलो. आमची कन्या मुग्धा त्या शहराच्या ब्लँचर्डस्टाउन या उपनगरात राहते आणि औषधांच्या एका कारखान्यात काम करते, जावई निखिल संगणकाच्या व्यवसायात आहेत, आणि आठ वर्षांची नात ईरा ही तिथलीच. तिला मराठी सगळे समजते. उत्तर मात्र ती आयरिश हेल काढून इंग्रजीत देते. आमचा मुक्काम तीन महिन्यांचा ठरला होता. मी वाईला संस्कृत शिकवण्यात हयात घालवलेला मनुष्य. सामानात देवांचा छोटा संपुष्ट, पळी-पंचपात्र, लाकडी ठवणी आणि तिच्यावर ठेवायची रोजच्या पाठाची पोथी, एवढे माझे. बाकीच्या दोन्ही बॅगा लाडवांनी आणि मसाल्यांनी भरलेल्या, त्या सुशीलेच्या.

पहिल्याच आठवड्यात बसने बाजारपेठेकडे निघालो असता एक गोष्ट माझ्या मनात भरली. उतरणारा प्रत्येक माणूस, मग तो शाळकरी मुलगा असो की काठी टेकीत निघालेली आजी, चालकाला मोठ्याने 'थँक यू' म्हणूनच खाली पाऊल टाकीत होता. आपल्याकडे जेवून उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणतात, तसाच हा संस्कार. उतरताना मीही चालकाला नमस्कार केला. त्याने हात हलवून म्हटले, "यू'र ग्रँड!" ईरा म्हणाली, "आबा, ही मीन्स इट्स ओके." ठीक आहे म्हणण्यासाठी जे लोक 'भव्य' हा शब्द वापरतात त्यांच्याबद्दल माझे मत तेथेच चांगले झाले.

शेजारच्या नोराबाईंची ओळख एका डब्यातून झाली. आम्ही आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याच्या निळ्या डब्यातून केक पाठवला. केकमध्ये अंडे असल्याने तो निखिल आणि ईरा यांनी संपवला. डबा रिकामा परत करणे आपल्याकडे अशुभ, निदान चिमूटभर साखर तरी घालावी. म्हणून सुशीलेने तो शंकरपाळ्यांनी भरून धाडला. आता रिकामा डबा परत न करण्याची रीत नोराबाईंच्याही माहेरी होती हे आम्हांला काय ठाऊक! तो सफरचंदाचे काही भरून परत आला, आमच्याकडून चिवडा गेला, तिकडून मुरंबा आला. मुग्धा कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, हे थांबणार कसं? तू थांबव, नाहीतर त्या तरी थांबवतील."

"त्यांनी थांबवावं," सुशीला म्हणाली. "मी कशी रिकामा देऊ?"

अंड्याचे कळल्यावर नोराबाईंनी आम्हांला सोडा घालून भाजलेला पाव दिला. तो ताकात भिजवतात. ताकाच्या भाकरीसारखा त्याचा आंबूस, खरपूस वास; लोणी लावून खाल्ला तेव्हा मला वाटले, सातासमुद्रापलीकडे देवाने माझ्यासाठी ताक राखून ठेवले होते.

मग त्यांनी आम्हां उभयतांना चहाला बोलावले. "चहा घेणार ना?" मी रीतीप्रमाणे नको म्हटले. त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा नको म्हटले. तिसऱ्यांदा त्यांनी "अहो, घ्या हो घोटभर" अशा अर्थाचे काहीतरी म्हणत कप माझ्यापुढे ठेवूनच दिला. आग्रह करण्याची आणि करवून घेण्याची कला अशी तंतोतंत आपली पाहून मला धन्य वाटले. नोराबाई ऐंशीच्या घरातल्या, विधवा, भूगोलाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. मी शिक्षक होतो हे कळताच म्हणाल्या, "मग मी तुम्हांला मास्टर म्हणेन. आमच्या खेड्यात शाळेतल्या गुरुजींना सगळा गाव मास्टरच म्हणत असे." आमचे संभाषण इंग्रजीतच होई, येथे मी त्याचे मराठी केले आहे. मी मात्र त्यांना नुसते 'नोरा' म्हणू शकलो नाही. वडीलधाऱ्या स्त्रीला एकेरी नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. 'नोराबाई' म्हटले तेव्हा त्यांनी त्या 'बाई'चा अर्थ विचारला, आणि कळल्यावर म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवून ही पदवी आत्ता मिळाली!"

त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर ते चित्र होते. नोराबाईंची आत्या तरुणपणी फ्रान्समध्ये एका कुटुंबात मुलांना शिकवायला राहिली होती. परतताना तिने ते आणले. तेव्हाही ते जुनेच होते, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडे काढायचे, ते आम्लात खोल करायचे, त्यांत शाई भरायची आणि ओल्या कागदावर दाबून ठसा घ्यायचा, अशी ती छपाईची रीत नोराबाईंनी मला समजावून सांगितली. मी थक्क झालो. आपल्याकडचे राजे तांब्यावर दानपत्रे कोरीत, चंद्रसूर्य असेपर्यंत ती टिकावीत म्हणून. त्याच तांब्यावर या फ्रेंच कारागिराने एक पावसाची सर कोरली होती, जी घटकाभरात ओसरून गेली असेल!

मला दिसले ते असे. करडा ओला रस्ता, त्यात दिव्यांची लांबलेली प्रतिबिंबे, मागे घोडागाड्यांची काळसर रांग, सगळ्यांवर पावसाचा पडदा. आणि मधोमध, पाठमोरा, छत्रीखाली एकटा चाललेला एक वृद्ध. गोषवारा एवढाच, पण तो वृद्ध माझ्या मनात घर करून बसला. परक्या शहरात, परक्या पावसात, कोणाशी न बोलता चाललेला. मला तो ओळखीचा वाटला.

मार्चमध्ये सगळे जग बंद झाले. विमाने थांबली, आमचा तीन महिन्यांचा मुक्काम लांबत गेला आणि तिथल्या सरकारनेही आपण होऊन मुदत वाढवीत नेली, हे त्यांचे उपकार. घरापासून दोन किलोमीटरच्या आत फिरण्याची मुभा होती. रोज सकाळी संध्या आणि पाठ आटोपून मी फिरायला निघे. हातात जपमाळ असे, म्हणून छत्री सुशीला धरी. त्या देशात पाऊस पडतो असे म्हणण्यापेक्षा तो राहतो असे म्हणावे. ओली पायवाट, बंद दुकाने, धुक्यात विरघळलेली झाडे; मी जप करीत चाले आणि मनात म्हणे, आता मीच तो चित्रातला माणूस. परतल्यावर सुशीलेचा स्वेटर हीटरवर वाळत पडे. त्याची नेहमी डावी बाजूच भिजलेली असे. मी एकदा विचारले तेव्हा निखिल म्हणाले, "बाबा, इकडचा पाऊस तिरपाच असतो." मला ते पटले.

नोराबाईंकडे आत जाणे आता बंद होते. त्या दारात खुर्ची टाकून बसत, आम्ही त्यांच्या बागेच्या बुटक्या भिंतीपलीकडे उभे राहत असू. चित्र त्यांनी आमच्यासाठी बैठकीतून काढून दारासमोरच्या भिंतीवर आणून टांगले. "मास्टरांना त्यांचा पाऊस दिसायला हवा," असे त्या म्हणाल्या. दिवसेंदिवस ते मला अधिक धूसर वाटू लागले. मला वाटले अंतर आहे, काच आहे, आणि हवाच तशी आहे. ज्या देशात समोरचे झाडही धुक्यात असते तेथे भिंतीवरचा पाऊस गडद झाला तर नवल काय?

शरद ऋतूत नोराबाई स्वयंपाकघरात घसरून पडल्या. हाड मोडले नाही, पण त्यांच्या कन्येने ठरवले की आता आईने एकटीने राहायचे नाही. नाताळापूर्वी बंधने थोडी सैल होतील तेव्हा तिला ॲथलोनला आपल्या घरी न्यायचे. ॲथलोन म्हणजे देशाच्या मध्यभागातले एक गाव. चित्र अर्थातच त्यांच्याबरोबर जाणार होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही निरोप घ्यायला गेलो. दार सताड उघडे, आत खोकी बांधलेली, चित्र अजून भिंतीवर. मी भिंतीपलीकडे उभे राहून चार शब्द बोललो. ते मी मनाशी नीट जुळवून नेले होते. म्हणालो, "नोराबाई, या एकट्या माणसाने या वर्षात मला सोबत केली. छत्रीखाली तो आणि त्याचा परमेश्वर, तिसरे कोणी नाही. परक्या पावसात कसे चालावे हे त्याने मला शिकवले. त्याला माझा नमस्कार."

नोराबाईंनी सुशीलेकडे पाहिले. मग मला म्हणाल्या, "मास्टर, छत्रीची मूठ कोणत्या हातात आहे?"

"त्याच्या उजव्या," मी म्हणालो.

"आणि पुढे दिव्याखाली काय बसलं आहे?"

"काही नाही. सावली आहे."

"भाषणाला पैकीच्या पैकी गुण," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "पण चित्र तुम्ही पाहिलेलं नाही. मी तीस वर्षं मुलांना नकाशे वाचायला लावले. न पाहता उत्तर देणारं मूल मला बाकांच्या कोणत्याही ओळीतून ओळखू येतं. मुग्धाला सांगा, डॉक्टरला तुमचे डोळे दाखवायला."

मी विचारले, "मग काय आहे त्यात?"

"ते मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही तेही पाठ कराल."

सुशीला हसली, पण डोळे पुशीत हसली. मी तिला विचारले तर म्हणाली, "मीही नाही सांगायची."

दुसऱ्या दिवशी नोराबाई गेल्या. निळा डबा तेव्हा आमच्या घरी होता. आत सोड्याचा पाव होता, म्हणजे परतीची पाळी आमची होती.

त्यानंतरची सकाळ मला विसरता येत नाही. मी स्नान करून नेहमीप्रमाणे ठवणीवर पोथी उघडली आणि पाठ सुरू केला. मुग्धा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही सातवा अध्याय म्हणताय. पान दुसऱ्या अध्यायाचं उघडं आहे."

मी खाली पाहिले. लाल शाईच्या रेघा दिसल्या. त्यांच्यामध्ये अक्षरे असावीत अशी काळी ओल दिसली. माझ्या गुरुजींचा दंडक होता की मुखोद्गत असले तरी पोथी समोर उघडी ठेवूनच पाठ म्हणावा, म्हणजे स्खलन होत नाही. तो दंडक मी बालपणापासून पाळला. पोथी समोर उघडी होतीच. माझे डोळे तिच्यावरून कधी निघून गेले हे जिभेने कळू दिले नव्हते. घरातले जिने, ताट, माळेचे मणी, सगळे मला पाठ होते. माझ्या रोजच्या जगात एकच वस्तू अशी होती जिचा पाठ मला कोणी दिलेला नव्हता, आणि ती शेजारच्या भिंतीवर होती.

"तुला कळलं होतं?" मी सुशीलेला विचारले.

"मीठ समजून साखर वाढून घेतलीत, तेव्हा वाटलं होतं," ती म्हणाली. "पण म्हटलं, लक्ष देवाकडे असेल."

सँट्री

सँट्री हा विमानतळाजवळचा भाग. तेथल्या एका नेत्रचिकित्सालयात मुग्धाने वेळ घेतली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, डावा तर पूर्ण पिकलेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी आपले पहिलेच नाव सांगितले. आणखी थांबलात तर काम अवघड होईल, म्हणाल्या. पण महामारीने शस्त्रक्रिया मागे पडल्या होत्या. वसंतापर्यंत वाट पाहणे भाग होते.

त्या वाट पाहण्याच्या काळात माझे मन एका विचित्र समाधानाकडे कलले. मी म्हणू लागलो, जे वाचायचे ते पाठ आहे. या वयात दृष्टीचा हव्यास कशाला? देव हळूहळू एकेक दार लावून घेतो आहे, त्याची इच्छा. परदेशात, या रोगराईत, सोबत कोणी नसताना डोळ्यावर शस्त्र चालवून घेण्याचे भय होते, आणि ते मी वैराग्याच्या वस्त्रात गुंडाळले होते. एका सकाळी हे मी मोठ्याने बोललो. सुशीला भाकरी थापत होती. ती थांबली.

"तुम्हांला पाठ आहे, अहो," ती म्हणाली. "पण ईराचं तोंड पाठ आहे का? ती दर महिन्याला बदलते. आणि देवानं डोळे लावून घेतले म्हणता, तर लेकीला डॉक्टर कुणी शोधून दिला? तुम्हांला नसेल पाहायचं तर नका पाहू. मला वाईच्या घाटावरून एकटीला उतरायचं नाही."

आमच्या संसारात तिने इतके लांब वाक्य क्वचित उच्चारले असेल. मी जपमाळ खाली ठेवली आणि होकार दिला.

एप्रिलमध्ये मला आत नेले. सोबत्याला दारापलीकडे मनाई होती. परिचारिका केरळची होती. "अंकल, हात द्या," म्हणून तिने माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. डोळ्यावर प्रखर प्रकाश आला. मी ओठांत स्तोत्र सुरू केले.

"ओठ हलवू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओठांबरोबर डोकं हलतं. तुम्ही फक्त प्रकाशाकडे पाहा."

मी गप्प झालो. मनातल्या मनात म्हणू लागलो तर शब्द येईनात. बालपणापासून जिभेवर असलेली वाणी प्रथमच थांबली होती आणि मला केवळ पाहणे उरले होते. वरून सतत पाणी घालीत होते. ते पाणी प्रकाशावरून ओघळे; दिव्याचे तीन दिवे होत, लांबत, फुटत, पुन्हा एक होत. ओल्या रस्त्यावरच्या दिव्यांसारखे ते होते. मला भीती वाटली नाही. त्या मुलीचा हात तेवढा घट्ट धरला होता.

नंतर सूचना झाल्या : काही दिवस डोक्यावरून स्नान नाही, खाली वाकायचे नाही.

"देवाला नमस्कारही नाही?" मी विचारले.

"मनात वाका," त्या म्हणाल्या. "त्याला चालत नसेल तर माझं नाव सांगा."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. पहिल्याने दिसली ती खिडकीची चौकट, इतकी सरळ की मला तिचा आदर वाटला. मग मुग्धाच्या मागे उभी असलेली सुशीला दिसली. मी तिच्याकडे पाहतच राहिलो.

"तुझे केस कधी पिकले?"

"तुम्ही सातवा अध्याय म्हणत होतात तेव्हा," ती म्हणाली.

ॲथलोन

दुसऱ्या डोळ्याचे काम जूनमध्ये झाले. एव्हाना देशात कोठेही जाण्याची परवानगी मिळाली होती आणि परतीची विमानेही सुरू होऊ घातली होती. मला वाईची ओढ लागली होती. पण निळा डबा अजून आमच्याकडे होता, आणि ते चित्र मी पाहिलेले नव्हते. नोराबाईंची प्रकृती मधूनमधून बिघडते असे त्यांच्या कन्येने फोनवर सांगितले तेव्हा मी निखिलना म्हटले, "आता उशीर नको." सुशीलेने डब्यात नारळाच्या वड्या भरल्या. जुलैच्या एका सकाळी आम्ही निघालो.

डब्लिन मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झुडपांची कुंपणे आणि त्यांमागे गवताचे चौकोन सुरू होतात. मी प्रत्येक मेंढी पाहिली. निखिल हसू दाबीत होते, कारण मी गाडीतून ओरडून सांगत होतो : त्या मेंढीच्या पाठीवर निळा शिक्का आहे, त्या दगडी भिंतीत चुना नाही, तो कावळा डोक्याशी काळा आणि अंगाने राखी आहे! पुढे तपकिरी दलदलीचे माळ लागले, जेथली माती कापून, वाळवून चुलीत जाळतात. ईरा म्हणाली, "आबा, यू'र लाइक अ स्मॉल किड." मी म्हटले, खरे आहे बाळ, आत्ताच डोळे उघडले आहेत.

"आबांना सांगू नकोस हं," सुशीलेने तिला बजावले.

"आय वोन्ट, आजी. ही'ल सी इट हिमसेल्फ."

ॲथलोनच्या मधून शॅनन नदी वाहते. रुंद, संथ, काठाशी जुना किल्ला. आमची कृष्णा आठवली. पुलाजवळ उतरून मी त्या पाण्याला हात लावला आणि डोळ्यांना लावला. आता मला पाण्याची मनाई नव्हती.

नोराबाई खुर्चीत बसून होत्या. कृश झाल्या होत्या, पण आवाज तोच. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि प्रथमच त्यांचा चेहरा पाहिला : गालांवर फिकट तांबूस ठिपके, डोळे निळे, भुवया जवळजवळ नाहीशाच.

"नोराबाई, मला वाटलं होतं त्यापेक्षा तुम्ही पुष्कळ वृद्ध आहात!"

"आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा तुम्ही पुष्कळ उद्धट!" त्या म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की त्यांच्या कन्येला पाणी आणावे लागले. डबा सुशीलेने त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, एक वडी तोंडात टाकली आणि हाताने भिंतीकडे खूण केली. "जा, मास्टर. घाई करू नका. आणि आज भाषण नको."

मी चित्रासमोर उभा राहिलो.

पहिल्याने पाऊस पाहिला. तो पडदा नव्हता. सुईने ओढलेल्या केसाएवढ्या रेघा होत्या, प्रत्येक वेगळी, काही मध्येच तुटलेल्या. रस्त्यावरच्या पाण्यात त्या जेथे पोचत होत्या तेथे बारीक वर्तुळे होती. गाडीच्या घोड्याच्या पाठीवर कोणीतरी पोते टाकले होते. एका स्त्रीने झग्याची किनार उचलून धरली होती. ज्याला मी सावली म्हटले होते ते दिव्याखाली बसलेले कुत्रे होते, भिजून निम्मे झालेले आणि तरी ताठ बसलेले. मी प्रत्येकापाशी थांबलो, एखाद्या देवळात परिवारदेवतांपाशी थांबावे तसा. गाभाऱ्याकडे वळायचे धैर्य शेवटी केले.

तो वृद्ध होता. पाठमोरा, किंचित वाकलेला, दोन्ही हात कोटाच्या खिशांत. दोन्ही. मग छत्रीची मूठ? मी आणखी जवळ गेलो. ज्याला मी इतके महिने त्याच्या अंगरख्याचा काळा घोळ समजत होतो ती एक स्त्री होती. त्याच्या खांद्याएवढी, त्याच्या अगदी जवळ चाललेली, डोक्याला रुमाल बांधलेली. छत्री तिने धरली होती, हात उंच करून, कारण तो उंच होता. आणि ती तिने त्याच्या बाजूला कलती केली होती. त्याच्या पाठीवर एकही रेघ नव्हती. तिच्या डाव्या खांद्यावर मात्र त्या कारागिराने सुई पुन्हा पुन्हा ओढली होती. तो खांदा भिजून काळा झाला होता.

मला हीटरवर वाळत घातलेला स्वेटर आठवला.

मी मागे वळलो. नोराबाई वडी चघळीत माझ्याकडे पाहत होत्या. सुशीला खिडकीतून नदीकडे पाहत होती, म्हणजे पाहण्याचे निमित्त करीत होती. त्या देशात शिकलेला शब्द माझ्या तोंडी आला. मी तिच्यासमोर जाऊन बसमधून उतरणाऱ्या माणसासारखा मोठ्याने म्हणालो, "थँक यू."

"अहो, काय हे, लोकांसमोर!" ती म्हणाली.

नोराबाईंना मी वाकून नमस्कार केला. मला आता वाकता येत होते. त्या म्हणाल्या, "उत्तर बरोबर आलं का, मास्टर?" मी म्हटले, "बाई, उत्तर माझ्याच शेजारी चालत होतं." त्यांनी माझ्या हातावर थोपटले. चहाला मी एकदाच नको म्हटले, दुसऱ्या वेळी विसरलो. निघताना त्यांच्या कन्येने निळा डबा आणून दिला; आत सकाळी भाजलेला ताकातला पाव. "आता पाळी तुमची," नोराबाई म्हणाल्या. तो डबा आज वाईला आमच्या फडताळात आहे, आणि दिवाळीच्या फराळातले काय इतक्या लांब टिकेल याची चर्चा घरात चालू आहे.

बाहेर पाऊस होता. गाडी नदीकाठी लांब उभी होती. निखिल आणि ईरा पुढे धावले. सुशीलेने नित्याप्रमाणे छत्री उघडली.

"दे इकडे," मी म्हणालो.

"राहू द्या. तुमची माळ आहे ना हातात?"

"खिशात ठेवली."

"मग खड्डे बघत चला. आता दिसतात ना!"

मी छत्री घेतली. ती माझ्यापेक्षा बुटकी, त्यामुळे धरायला सोपे गेले. नदीवर पावसाच्या बारीक, वेगवेगळ्या रेघा उतरत होत्या. गाडीपर्यंतचा रस्ता बरा लांब होता.

घरी पोचल्यावर मुग्धाने माझा कोट हीटरवर पसरला आणि थबकली. "बाबा, हा एकाच बाजूनं कसा भिजला?"

"इकडचा पाऊस," मी म्हणालो, "तिरपा असतो."